भुईला हनुवटी टेकून

परवा लग्नसराईतली पहिली पत्रिका घरी आली. उघडली तर गुलाबाच्या अत्तराचा भपकारा. पण मला वास आला तो खळ लावलेल्या सुताचा, मशीनच्या तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा. पत्रिका नवऱ्याच्या नाकाशी धरून विचारलं, "अहो, कसला वास येतोय?" म्हणाले, "गुलाबाचा." म्हटलं, जाऊ दे. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कळलंय की आपल्या नाकात शिरलेला उन्हाळा दुसऱ्याच्या नाकात घालता येत नाही.

सोलापुरात उन्हाळा आणि लग्नं हातात हात घालूनच येतात. सकाळी नऊलाच ऊन असं अंगावर धावून येतं की वाटतं, बाबा रे, मी काय केलं तुझं? नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. कडुलिंबाचा मोहोर गळून दारात पिवळा सडा. आणि रोज कुठल्या ना कुठल्या मांडवातून लाऊडस्पीकरवर नावं पुकारलेली ऐकू येतात. आमच्याकडं माणसाला मान द्यायचा म्हणजे टॉवेल-टोपी. नाव पुकारायचं, खांद्यावर टॉवेल टाकायचा, डोक्यावर टोपी ठेवायची, फोटो काढायचा. टोपी तिथंच खुर्चीवर विसरून जातात. टॉवेल मात्र न चुकता घरी जातो. अहो, जाणारच. आमच्या कारखान्यातला असतो तो!

कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यापुढं आणू नका. पत्र्याची लांबलचक शेड, खाली शहाबादी फरशी, दोन्ही बाजूंना माग, मधून बोळ. पुढच्या खोलीत मी आणि तिघीचौघी बायका. विणून आलेले टॉवेल तपासायचे, कापायचे, काठ शिवून घ्यायचे, घड्या घालायच्या. खोली आणि शेडच्या मध्ये एक बिनदाराची चौकट. त्या चौकटीतून मी आयुष्यातले कितीतरी उन्हाळे पाहिलेत. आता निम्म्या जागेत नवे माग आलेत, त्यांना धोटा नाही, आवाजही कमी. पण मी सांगतेय त्या वर्षी सगळे जुनेच होते. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, या टोकाकडून त्या टोकाला धावणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. प्रत्येक धावेला खटाक. असे सगळे माग एकदम चालायला लागले की जो काही कल्लोळ उठतो, त्याला मराठीत शब्द नाही. माझ्या माहेरी अक्कलकोटकडं कानडी बोलतात, त्या भाषेतही नाही.

त्या आवाजात बोलायचं कसं? बोलायचंच नाही. कारखान्यात सगळा कारभार हातांनी आणि ओठांनी. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटं एकमेकांवर घासली की सूत संपलं. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की मालक आले. आमच्या ह्यांना मिशीच नाही! मिशी होती ती सासऱ्यांना. ते जाऊन जमाना झाला, पण खूण तीच राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ही माणसं एकमेकांवर रागावलीत की काय, नुसते हातवारे करतात. पुढं मलाही सवय लागली, इतकी की घरी पाहुण्यांसमोर मी सुनेला अंगठा ओठाला लावून दाखवायची आणि पाहुणे दचकायचे.

मांजरांचं असं आहे की ती आणावी लागत नाहीत. कारखाना असला की मांजर असतेच. ताण्याच्या सुताला खळ लावतात, म्हणजे पिठाची पेजच की ती. उंदरांना दुसरं काय पाहिजे? एक उंदीर एका रात्रीत बीमवरचे, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावरचे, इतके धागे तोडतो की ते सांधता सांधता माणसाचा दिवस जातो. म्हणून मांजरीला कुणी हाकलत नाही. तिची हजेरी नाही, सुट्टी नाही, तरी ती आपली कामावरच. आमच्याकडं काळ्या झाल्या, करड्या झाल्या, एक शेपूटतुटका बोका झाला, तो तर मालकांच्या खुर्चीवरच बसायचा. पण मला आठवते ती पांढरी.

आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला ती आली. पांढरीशुभ्र, एक ठिपका नाही, डोळे निळे. सुताच्या उडत्या तुसात ती बसली की नुसते डोळेच दिसायचे. मी तिला मनी म्हणायची. आमचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मैनूभाई, ते बिल्लीबेगम म्हणायचे. आणि यादगिरीमामा म्हणायचे पिल्ली. तेलुगूत मांजरीला पिल्लीच म्हणतात. तीन भाषांतून हाक मारली तरी ती एकाही हाकेला यायची नाही. मी म्हणायची, भारी गर्विष्ठ आहे बया.

पण तिचं झोपणं! ते बघून मी पहिल्यापासून थक्क होते. जी जात म्हणे भिंतीपलीकडचा उंदीर ऐकते, त्या जातीची ही बाई चालू मागांच्या मधोमध, बोळात, पाय ताणून झोपायची. दोन्ही बाजूंनी खटाक-खटाक, वर पंखे, पत्रा थरथरतोय आणि ही मजेत. मैनूभाई कमरेवर हात ठेवून बघत राहायचे. बाहेर आले की म्हणायचे, "भाभी, अपने को घर में मच्छर की आवाज से नींद नै आती, और इसको देखो!" आणखी एक गंमत. कारखान्यात टॉवेलांचे ढीगच्या ढीग. मऊ, लुसलुशीत. दुसरी कुठलीही मांजर तिथं लोळली असती आणि आमची डोकेदुखी झाली असती. ही कधीही टॉवेलावर बसली नाही. कायम उघड्या फरशीवर, पोट चपटं करून, हनुवटीसुद्धा भुईला टेकवून. मला वाटलं, फरशी गार लागत असेल. पण पौषातल्या थंडीतही तसंच. तेव्हा मी म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव.

तिची जागा ठरलेली होती. यादगिरीमामांच्या चार मागांमधला बोळ.

मामा म्हणजे आमच्या कारखान्याचं जुनं खोड. सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. काटकुळे, लुंगी-बनियन, भुवयांवर कायम सुताचा तूस, आणि तोंडाचा पट्टा असा की मशीन बंद असताना त्यांच्या समोर उभं राहायला नको. चहात साखर कमी पडली की कप परत. स्वतःच्या कामाची स्वतःच तारीफ. "अक्का, बघ की काठ! पट्टी लावून मारल्यागत हाय का न्हाय?" असतोच काठ सरळ, पण म्हणून दिवसातून किती वेळा बघायचा? मी मुद्दाम म्हणायची, "मामा, जरा तिरका वाटतोय." की झालं! संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला.

त्या वर्षीची लग्नसराई मोठी. मुहूर्त पुष्कळ आणि ऑर्डरी दाट. शेडमध्ये शिरलं की घामानं साडी अंगाला चिकटायची. ओले गोणपाट खिडक्यांना बांधलेले, त्यांचा कुबट-गार वास यायचा. एका दुपारी मी चौकटीत उभी राहून मामांना चहाची खूण करणार, एवढ्यात पांढरी उठली. आळस दिला नाही, अंग झटकलं नाही. सरळ उठली आणि चालत माझ्या बाजूला आली. मामांची नजर तिच्यावर गेली. त्यांनी मागं वळून तीन नंबरचा माग पाहिला आणि धाडकन दांडी ओढून बंद केला. मैनूभाई आले, वाकून बघितलं आणि माझ्याकडं बघून नुसते डोळे मोठे केले. धोट्याला टोला देणारा दांडा ज्या चामडी पट्ट्यानं बांधलेला असतो, तो पट्टा तुटत तुटत दोराएवढा उरला होता. आणखी थोडा वेळ माग चालला असता तर तो अणीदार धोटा कुणाच्या तरी अंगावर उडाला असता.

मी मनीकडं बघितलं. ती माझ्या पायाशी बसून पंजा चाटत होती. अंगावर काटा आला माझ्या, खरं सांगते. एवढ्या कल्लोळात एका पट्ट्याचा बदललेला आवाज हिनं झोपेत ओळखला! त्या दिवसापासून मी तिच्याकडं बघायला लागले. ती नेहमीच उठायची असं नाही. पण उठून गेली की कुठल्या तरी मागात काहीतरी असायचंच. कुठं नट सैल, कुठं दांड्याला चीर. आणि मामा, एवढे बढाईखोर मामा, काम करता करता दर थोड्या वेळानं तिच्याकडं नजर टाकायचे. आपण चुलीवर दूध ठेवून दुसरं काम करतो ना, तशी.

मग एक दिवस भर दुपारी लाईट गेली. लाईट गेली की कारखाना एका झटक्यात मरत नाही. माग आचके देत देत थांबतात, मग पंख्यांची पाती सावकाश होतात, आणि मग येते ती शांतता, कानात शिट्टी वाजवणारी. बाहेरच्या कुल्फीवाल्याची घंटा ऐकू येते. चिमण्या ऐकू येतात, म्हणजे त्या इतका वेळ होत्याच की! सगळे कामगार हवेला बाहेर गेले. मामा मात्र बोळातच पिल्लीसमोर उकिडवे बसून तिच्याशी तेलुगूत बोलत होते, तेही मशीन चालू असल्यासारखं ओरडून. मला हसू आलं. मागून हाक मारली, "मामा!" ते बोलतच होते. जवळ गेले. "अहो मामा!" नाही. त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर उभी राहून म्हटलं, "यादगिरीमामा, चहा आणलाय." काही नाही. तेवढ्यात मांजरीनं मला बघितलं. तिनं मान वर केली, ते तिच्या नजरेच्या रोखानं वळले, आणि मी दिसले.

माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण त्यांनी ते वाचलं. ओठ वाचायची सवय असलेल्या माणसाला तोंड वाचणं काय अवघड? आयुष्यभर त्या खटाक-खटाकात उभं राहून कान गेले होते. कधी गेले ते त्यांनाही नेमकं माहीत नव्हतं. आणि आम्हाला कुणालाच पत्ता नाही, कारण कारखान्यात कान लागतात कुणाला?

"मालकाला सांगू नको अक्का," ते एकदम हळू म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मी ओठ नीट हलवत विचारलं, "आता विश्रांती का घेत नाही? मुलगा कमावतोय, सून चांगली आहे."

"लई चांगली हाय. त्येच तर." त्यांनी मांजरीच्या पाठीवरचा तूस काढला. "घरी समदे बोलत्यात, अक्का. सून बोलते, पोरगा बोलतो, टीव्ही बोलतो. समदे हसत्यात आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसतो. तितं मी एकटाच बहिरा. हितं मशीन चालू झाली की समदेच बहिरे. मी बी तसाच, त्यांच्यासारखा."

लाईट आली. पंखे हलले, एकेक माग धडधडू लागला आणि बघता बघता मामा पुन्हा सगळ्यांसारखे झाले. मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. कोपऱ्यातून कुणीतरी खूण केली, मामांनी उलट खूण केली, दोघं हसले. एक बहिरा म्हातारा होता, तो नाहीसा झाला. मी पदरानं तोंड पुसलं. घामच होता, पण सगळाच घाम नव्हता.

मी ह्यांना सांगितलं नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पण कारखान्यातली गोष्ट किती दिवस झाकून राहणार? वैशाख लागता लागता शेजारच्या एका शेडमध्ये धोटा उडाला आणि कामगाराच्या भुवईवर बसला. डोळा वाचला बिचाऱ्याचा. आमचे हे त्याला बघून घरी आले ते ताटावर बसलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे माग बंद करायला लावले आणि प्रत्येक बोळात जाऊन प्रत्येकाला मागून नावानं हाक मारली. का, ते कुणाला सांगितलं नाही. सगळे वळले. मामा वळले नाहीत.

घरी भांडण झालं. म्हणजे मी भांडले. ते शांतच होते, आणि माणूस शांत असला की मला जास्त राग येतो.

"त्यांना घरी बसवायचं," ते म्हणाले. "पगाराचं मी बघीन. पण मागावर नको."

"पगार मागितलाय कुणी? तिथं उभं राहायला मिळू दे एवढंच म्हणतायत ते."

"आणि उद्या धोटा त्यांच्या कपाळात बसला तर? त्यांच्या बायकोला तोंड कोण दाखवणार? तू?"

तेव्हा मी माझं हुकमाचं पान टाकलं. मांजरीचं सगळं सांगितलं. पट्ट्याचं, नटाचं, चिरलेल्या दांड्याचं. "त्यांना ऐकू येत नसेल," मी म्हटलं, "पण तिला येतं. ती ऐकते, ते बघतात. तुमच्या धडधाकट कानांच्या माणसांना नाही कळलं, त्यांना कळलं!"

हे उठले आणि दिवा मालवून आडवे झाले. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माग बंद होते. कामगार भिंतीकडेला डबे उघडून बसलेले. कडक भाकरी मोडल्याचा आवाज, शेंगाचटणीचा वास. पांढरी बोळात पडलेली, हनुवटी भुईला. ह्यांनी मैनूभाईंच्या हातातला पाना घेतला, माझ्या खोलीतली स्टीलची परात घेतली, दबक्या पावलांनी मांजरीच्या मागं गेले आणि परात हवेत धरून असा काही टोला हाणला की पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली, आमच्या बायका किंचाळल्या आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली.

मांजरीचा कान हलला नाही. मिशीही नाही. ह्यांनी आणखी एकदा हाणला. ती तशीच, डोळे मिटून, पोट संथ वरखाली होतंय.

"ठार बहिरी आहे ती," हे म्हणाले. जिंकल्यासारखं नाही म्हणाले. परात माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. "पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या बऱ्याच असतात तशा. मी पहिल्या दिवशी बघितलं तेव्हाच शंका आली होती. बहिऱ्या मांजरीच्या भरवशावर बहिरा माणूस कसा सोडू मी?"

माझ्या डोक्यात सगळं धडाधड कोसळत होतं. म्हणून हाकेला येत नव्हती. म्हणून झोपायची एवढ्या आवाजात! बयेला गर्व नव्हता, आवाजच नव्हता. पण मग पट्टा? पट्टा तिला कसा कळला?

तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. भिंतीकडेला बसलेले मामा ठसका लागेपर्यंत हसत होते. बोलणं त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण परात बघितली होती आणि मांजर बघितली होती.

"तिला ऐकू येत न्हाय व्हय?" ते ओरडून म्हणाले. "मला पहिल्या दिवशीच म्हाईत हाय! बघायचं असलं की समदी मान वळवती, माझ्यासारखी. मालक, ती कानानं ऐकतच न्हाय. भुईनं ऐकती!"

हे पाठ फिरवून बाहेर निघून गेले. मामांनी हात धुतले, लुंगीला पुसले आणि मला खूण केली: ये. माझ्या चपलांकडं बोट दाखवलं: काढ. सुट्टी संपली होती. माग सुरू झाले. त्यांनी मला बोळात मांजरीच्या शेजारी उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि माझेच दोन्ही हात माझ्या कानांवर दाबून ठेवले.

आधी नुसत्या मुंग्या. मला वाटलं, काय येडेपणा चालवलाय म्हाताऱ्यानं. मग त्या मुंग्या हळूहळू वेगळ्या झाल्या. टाचेत एक जड ठोका. चवड्यात एक बारीक, घाईचा. उजव्या पायाच्या कडेनं एक संथ, भरवशाचा. फरशी नुसती थरथरत नव्हती. चार मागांचे चार ठोके चार वाटांनी माझ्या पायात चढत होते, गुडघ्यापर्यंत, आणि मी आयुष्यात कधी इतकं स्पष्ट काही ऐकलं नव्हतं. आणि त्यात एक लंगडत होता. खटाक, खटाक, ख... टाक. मी डोळे उघडले, लंगडल्यासारखी मान हलवली. मामांनी दोन बोटं वर केली. दोन नंबर. त्यांनी तो माग थांबवला, मैनूभाईंनी वाकून पट्टा आवळला, माग पुन्हा सुरू झाला. मी पुन्हा डोळे मिटले. लंगडणं गेलं होतं.

देवा! तळव्यांना कळलं मला ते. कानांना नाही, डोळ्यांना नाही. इतकी वर्षं मी त्या फरशीवर चपला घालून चालत होते आणि खाली हे सगळं चालू होतं. शेजारी ती पांढरी, चार पाय, पोट आणि हनुवटी टेकून, सगळ्या अंगानं ते ऐकत पडली होती. माणसाला देवळात गेल्यावर जसं होतं तसं मला झालं, आणि ते होत असताना मी तेलकट फरशीवर, कान झाकून, घामानं निथळत उभी होते. बायका चौकटीतून बघून हसत होत्या. हसू देत.

चहाच्या वेळी मामांनी राहिलेलं सांगितलं. आधी ते नुसते तिच्याकडं बघायचे. मग माघात ती पिलं घालायला कुठंतरी निघून गेली आणि बरेच दिवस आलीच नाही. तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली. "म्हटलं, आता काय? मग चप्पल काढली. ती करती तसं करून बघितलं. पयले काय बी कळंना. मग कळाया लागलं." ती परत आली तेव्हा त्यांना तिची तेवढी गरज उरली नव्हती. तरी बघत राहिले. "तिला जास्त कळतंय की. तिला पोट बी हाय, हनुवटी बी हाय. मी कुटं बोळात पालथा झोपू?"

अजूनही कधी कधी, जुन्या चार मागांच्या बाजूला कुणी नसलं की मी चपला काढून उभी राहते. नव्या मागांचा ठोका वेगळा, एकसुरी, त्यात जीव रमत नाही. जुन्यांचा मात्र पायात चढतो. सुनेला एकदा उभं केलं. ती म्हणाली, "आई, गुदगुल्या होतात." असू दे. तिलाही कळेल कधीतरी.

ह्यांनाही मी उभं केलं होतं, त्याच आठवड्यात. बूट काढले, मोजे काढले, डोळे मिटून इमानदारीनं उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मला काही कळत नाही." खोटं बोलत नव्हते. भीती बसली होती मनात, भीतीनं पाय पण बधिर होत असतील. त्यांनी सगळ्या मागांना धोटा अडवणाऱ्या जाळ्या बसवून घेतल्या, ते बरंच केलं. पण निर्णय बदलला नाही. सराई संपेपर्यंत मामा कामावर, पुढं घरी. मामांच्या नातीचं लग्न सराईच्या शेवटच्या मुहूर्तावर, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी होतं. "तिथं मुलाशी बोलतो मी," हे म्हणाले. "चारचौघांत नको, बाजूला घेऊन." मामांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. पण ते दिवसभर माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मी तोंड फिरवायची.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात पंखे गरम हवा ढवळत होते. पहिल्या रांगेत मामा बसलेले. कोरा पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा, पूजेवरून उठून आल्यामुळं पाय अनवाणी. मी त्यांना ओळखलंच नाही आधी. कारखान्यातला तो भांडकुदळ, बढाईखोर माणूस कुठं गेला? एक लहानसा म्हातारा बसला होता, येईल त्याला एकच हसू देत. कुणी विचारलं, "जेवला का?" तर नवरीचं विचारलं असं वाटून म्हणाले, "आत हाय, साडी नेसालीय." लोक हसले. प्रेमानंच हसले. मामाही हसले, सगळ्यांच्या नंतर. मग अक्षतांची वेळ झाली. भटजींचा आवाज चढला, सगळ्यांचे हात एकदम वर गेले. मामांचा हात वर गेला तो लोकांचे हात बघून. त्यांच्या अक्षता पडल्या त्या एकट्याच, उशिरा. पुढच्या मंगलाष्टकेलाही तसंच. त्याच्या पुढच्यालाही.

हे माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच होत्या.

मामांचा मुलगा हात जोडत आला. "मालक, जेवून जायचं हं." आता हे बोलणार म्हणून मी तोंड फिरवलं. ह्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "वडील सुट्टीच्या दिवशी काय करतात रे घरी?"

"काय करणार मालक?" तो हसून म्हणाला. "भिंतीकडं तोंड करून पडत्यात. हाक मारली तरी येत न्हाईत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाले की मग माणसात येत्यात."

हे तिथून निघाले. मला वाटलं, बाहेर चाललेत. पण ते खुर्च्यांमधून वाट काढत सरळ पहिल्या रांगेत गेले, मामांच्या समोर उभे राहिले, आणि भर मांडवात, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर, खाली वाकून त्यांनी मामांच्या अनवाणी पायांवर दोन्ही हात ठेवले. मालकानं कामगाराच्या पाया पडावं, असं आमच्याकडं कुणी पाहिलेलं नाही. "अय्यो मालक!" म्हणून मामांनी पाय मागं ओढले. ह्यांनी सोडले नाहीत. हात तसेच ठेवून राहिले.

मामांनी ह्यांच्या डोक्याकडं बघितलं, मग वर मान करून मला शोधलं. मी होकाराची मान हलवली: या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही. मामांचा तो लहानसा चेहरा बघता बघता मोठा झाला. सनईवर आवाज चढवून, मशीन चालू असताना बोलतात तसे ते ओरडले आणि अख्खा मांडव वळून बघायला लागला.

"उद्या येतो की मग! पिल्लीला मी सांगतो!"